डावा खांदा

मी लग्नाचे झगे शिवायची, तूरिनमध्ये,
नदीपलीकडच्या गल्लीत.
दुकान बुडालं त्या हिवाळ्यात जाहिरात आली:
हात न थरथरणाऱ्या बायका हव्यात.

पहिल्या दिवशी केस टोपीत कोंबले, तोंडाला फडकं,
आणि समोर कापडाच्या जागी चंदेरी पापुद्रे,
कांद्याच्या सालीहून पातळ, वीसवर वीस.
इंजिनिअर तेस्सोरे म्हणाले, याची गोधडी करायची,
मंगळावर रात्री फार गारठा असतो.
मी विचारलं, मापं कुणाची घेऊ?
ते हसले नाहीत. आकृती पुढे सरकवली:
सहा चाकं, एक लांब मान,
आणि डावा खांदा जरासा पुढे आलेला,
माझ्या भावाचा होता तसा,
पोती उचलून उचलून.

चार महिने शिवत होते.
एकदा सुई बोटात गेली, थेंब पडला,
तर अख्खा तुकडा बाद. रक्ताला तिकडे मनाई.
शिंकेलाही. अत्तरालाही.
एकच गोष्ट माझ्याकडून निसटली:
दोरा संपला की आई दोन गाठी मारायची,
एक शिवणीला, एक नशिबाला.
नियमात एकच होती.
डाव्या खांद्यापाशी हातानं आपसूक दुसरी मारली.
तेस्सोरेंनी ती भिंगातून पाहिली,
वजनाच्या वहीत काहीतरी लिहिलं
आणि उगाच चष्मा पुसत बसले.
गाठ गेली.

नव्वद दिवस चालेल म्हणाले होते. सात वर्षं चालला.
उजवं मागचं चाक अडकलं, तर ते फरपटत चालला,
मागे एक चर काढत,
शाळेतून दप्तर ओढत येणाऱ्या पोरासारखा.
मग धूळ आली.
टीव्हीवर टाळ्या झाल्या, केक कापला,
कामगिरी फत्ते,
आणि त्याचं ऐकत बसणारी माणसं
दुसऱ्या कुणाचं तरी ऐकायला गेली.

बाजारातला इद्रिस संत्री तोलत म्हणतो,
सिन्योरा ओनोरिना, लोखंडाला कसली थंडी?

मला काय सांगतोस, बाबा.
त्याच्या आत कुणी नाही
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?
अस्तर मी लावलंय. कोपरापर्यंत हात घालून पाहिलंय.
तारा होत्या, आणि तारांमध्ये पुष्कळ रिकामी जागा.
पण शिवताना झग्यातही कुणी नसतंच की.
तरी आपण कमरेपाशी दोन बोटं सैल ठेवतो,
श्वासासाठी.

फेब्रुवारीत तेस्सोरेंचा फोन आला.
आवाज बसलेला; तेही आता घरीच असतात.
म्हणाले, शेवटचे आकडे पाहिले.
बाहेर उणे अठ्ठ्याऐंशी.
आत, डाव्या खांद्याखाली, अजून अधिक तीन.
शिवण टिकली, ओनोरिना.

मी आभार मानले. फोन ठेवला.
चुलीवरचा पोलेन्ता तळाला लागला होता,
तो खरवडताना लक्षात आलं:
म्हणजे तो एकदम गार झाला नाही.
पाठीवर धूळ, आतला हीटर बंद,
वर कुणी हाक मारायला नाही,
आणि माझे टाके आपले धरून बसलेले
ती मूठभर ऊब,
एक तास, दोन तास, कोण जाणे किती.
उसवले असते तर सुटला असता लवकर.
आमच्या धंद्यात याला
चांगलं काम म्हणतात.

काल संत्र्यांच्या ओझ्यानं पिशवीचा बंद तुटला.
दिव्याखाली बसून शिवला.
बाहेर धुकं इतकं
की समोरची बाल्कनी दिसेना, तारे तर सोडाच.
शेवटी गाठ मारली. एकच.
आणि दुसरीचा विचार यायच्या आत
दोरा दातानं तोडला.